रूळ, लाकूड आणि मधली प्लेट

१८९४ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या वनविभागाने एक अहवाल छापला. विषय तीन होते: धातूचे स्लीपर, लाकूड टिकवण्याच्या रासायनिक प्रक्रिया आणि लाकडी स्लीपरवर रुळाखाली बसवायच्या लोखंडी प्लेटा. अहवाल लिहिणारे ई. ई. रसेल ट्रॅटमन रेल्वेमार्गाच्या बांधणीवर लिहिणारे जाणकार होते. विभागाचे प्रमुख बर्नहार्ड फर्नो प्रशियात जंगलशास्त्र शिकून अमेरिकेत आले होते. झाडं, जंगलं आणि वणवे हा ज्या खात्याचा विषय, त्याने हातभर लांबीच्याही नसलेल्या लोखंडी तुकड्यांच्या नमुन्यांवर एवढी शाई का खर्चावी, असा प्रश्न पडतो. त्या प्रश्नातच या प्लेटेचा सगळा इतिहास आहे.

हिशेब साधा होता. १८९० च्या सुमारास अमेरिकेत १,६३,००० मैलांच्या आसपास रेल्वेमार्ग झाला होता. दर दोन फुटांवर एक स्लीपर धरला तर मैलाला २,६४० स्लीपर लागतात, म्हणजे देशभर ४३ कोटी. पांढऱ्या ओकचा चांगला स्लीपर सात-आठ वर्षं टिकायचा, हलक्या लाकडाचा त्याहून कमी. सरासरी सात वर्षं धरली, तरी नुसत्या बदलीसाठी वर्षाला सहा कोटींवर स्लीपर हवेत. नव्या मार्गांची गरज त्यात धरलेलीच नाही. शिवाय स्लीपरला लागायची तरुण, सरळ, फुटभर जाडीची झाडं, म्हणजे उद्याचं जंगल. फर्नोंना दिसत होतं की देशातल्या ओकच्या रांगा रुळांखाली जाऊन कुजताहेत, आणि त्या वेगाने नवा ओक वाढत नाही.

पण आधी रूळ लाकडावर आला कसा, हे पाहायला हवं, कारण सुरुवातीला तो तिथे राहील असं कोणालाच वाटलं नव्हतं.

१८३० साली न्यू जर्सीतल्या कॅम्डेन अँड अँबॉय रेल्वेचे प्रमुख रॉबर्ट स्टीव्हन्स रूळ आणि इंजिन विकत घ्यायला जहाजाने इंग्लंडला निघाले. तेव्हा अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लाकडी तुळयांवर लोखंडाची पातळ पट्टी ठोकून तिलाच रूळ म्हणत. ही पट्टी सैल होऊन टोकाशी वर वळायची आणि कधीकधी डब्याच्या तळातून थेट आत घुसायची. इंग्लंडमध्ये रूळ ओतीव लोखंडाच्या बैठकीत, म्हणजे चेअरमध्ये, बसवण्याची पद्धत होती. ती भक्कम होती, पण अमेरिकेत लोखंड महाग आणि ते घडवणारे हात कमी. प्रवासात स्टीव्हन्स यांनी लाकडाच्या तुकड्यातून नव्या रुळाचा नमुना कोरला असं सांगतात: वर डोकं, मध्ये उभी पट्टी आणि खाली रुंद सपाट तळ. असा रूळ चेअरशिवाय उभा राहू शकत होता. तळाची कड पकडणारा, आकड्यासारख्या डोक्याचा खिळाही त्यांनीच काढला. वेल्समधल्या डाउलाइसच्या कारखान्याने हे रूळ लाटून दिले. आपल्याकडे आजही दिसणारा सपाट तळाचा रूळ त्याच कुळातला.

स्टीव्हन्स यांचे रूळ दगडी ठोकळ्यांवर बसायचे होते. पण दगड वेळेवर येईनात. काम खोळंबू नये म्हणून मधल्या काळापुरते लाकडी ओंडके आडवे टाकून त्यांवर रूळ ठोकले. दगडांवरच्या मार्गापेक्षा लाकडावरचा मार्ग मऊ चालतो आणि दोन रुळांमधलं अंतरही ओंडक्यामुळे आपोआप राखलं जातं, हे लवकरच लक्षात आलं. तात्पुरती सोय कायमची झाली. रूळ, खिळा आणि लाकूड एवढ्या तीन गोष्टींत अमेरिकेने खंड ओलांडला. स्वस्त, झटपट आणि साध्या हत्यारांनी होणारं काम. नदीकाठचं जंगल तोडायचं, ओंडके तासायचे, घणाने खिळे ठोकायचे आणि पुढे सरकायचं.

या मांडणीत एक उणीव होती, पण हलक्या गाड्यांच्या काळात ती जाणवली नाही. चेअर काढून टाकताना रुळाचा भार लाकडावर पसरवणारा भागही निघून गेला होता. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत लाकडी खांब थेट जमिनीवर उभा करत नसत, खाली दगडी तळखडा देत. स्टीव्हन्स यांच्या मार्गात तो तळखडाच नव्हता. अरुंद लोखंडी तळ सरळ लाकडाच्या तंतूंवर टेकलेला, आणि तंतूंच्या दिशेला आडवा दाब लाकूड सगळ्यांत कमी सोसतं.

पुढे रूळ लोखंडाचे पोलादी झाले. अमेरिकेत पहिले पोलादी रूळ १८६५ मध्ये शिकागोत लाटले गेले. इंजिनं जड झाली, माल वाढला, वेग वाढला. प्लिमन डडली यांनी न्यू यॉर्क सेंट्रलसाठी उंच, ताठ आणि जड रूळ आखले. रूळ सुधारला, इंजिन सुधारलं, खालचा खिळा आणि लाकूड मात्र १८३० च्या दशकातच राहिलं.

वळणावर काय व्हायचं ते जवळून पाहू. गाडी वळणावर आली की चाकाची कड बाहेरच्या रुळाला बाहेर ढकलते. रूळ सरकायला बघतो आणि त्याच वेळी बाहेरच्या अंगाला कलंडायला बघतो. त्याच्या तळाची बाहेरची धार लाकडात रुतते. तिथे खाच पडते, खाचेत पाणी साचतं, ओलं लाकूड आणखी मऊ होतं, पुढची गाडी धार आणखी आत दाबते. आतल्या बाजूचा खिळा वर उचलला जातो. बाहेरचा खिळा एकटाच सगळा रेटा घेतो आणि आपलं भोक लांबट करत जातो. दोन रुळांमधलं अंतर वाढतं. मग मार्गावरची टोळी येते. नखाळ्या पहारीने खिळे उपटायचे, रूळ बाजूला करायचा, वाकस घेऊन खाचेभोवतीचं लाकूड तासून पुन्हा सपाट करायचं, जुन्या भोकात लाकडाची गुल्ली ठोकायची, अंतर मोजायचं, नव्या जागी खिळे मारायचे. प्रत्येक तासणीत स्लीपर पातळ होतो आणि ताजं, उघडं लाकूड पावसाला मिळतं. तीन-चार वेळा असं झालं की स्लीपरमध्ये खिळा धरायला जागाच उरत नाही. मध्यभागी, दोन रुळांच्या मध्ये, लाकूड अजून ठणठणीत असतं, पण स्लीपर काढून टाकावा लागतो.

ओकच्या जोरावर हे बरीच वर्षं निभावलं. ओक संपत चालला तशी पाइन, हेमलॉक, सीडर ही मऊ झाडं स्लीपर म्हणून येऊ लागली, आणि ती लवकर कुजतात म्हणून त्यांना औषध पाजणं सुरू झालं. कोळशाच्या डांबरातून काढलेलं क्रिओसोट तेल दाबाखाली लाकडात मुरवण्याचं पेटंट इंग्लंडमध्ये जॉन बेथेल यांनी १८३८ मध्येच घेतलं होतं. अमेरिकेत ते महाग पडायचं, म्हणून झिंक क्लोराइड जास्त चाललं. सांता फे रेल्वेने १८८५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या लास व्हेगास गावी लाकडावर प्रक्रिया करणारा कारखाना काढला. त्याच वर्षी अमेरिकन सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेने लाकूड टिकवण्याविषयीचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. तो तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष ऑक्टेव्ह शनूट.

शनूट हे नाव विमानांच्या इतिहासात जास्त घेतलं जातं. उडण्याच्या प्रयोगांवरचं त्यांचं पुस्तक १८९४ मध्येच आलं आणि राइट बंधूंनी पुढे त्यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला. पण त्यांचं पोट आणि बराचसा जीव रेल्वेत होता. कॅन्सस सिटीला मिझुरी नदीवरचा पहिला पूल त्यांनी बांधला होता. उतारवयात त्यांनी स्लीपरवर प्रक्रिया करण्याचा धंदा काढला, आणि एक फार साधी युक्ती अमेरिकेत रुजवली: प्रत्येक स्लीपरवर सालाचा आकडा असलेला छोटा खिळा ठोकायचा. १८९९ पासून असे खिळे पडू लागले. एखादा स्लीपर किती वर्षांनी काढला, हे आता अंदाजाने सांगायची गरज राहिली नाही, खिळाच सांगायचा. वनविभागाच्या गणितांना जमिनीवरचा आधार मिळाला तो अशा नोंदींतून.

या सगळ्यातून एक गोष्ट अभियंत्यांपुढे स्पष्ट झाली, आणि माझ्या मते हाच या कथेचा कणा आहे. औषध लाकडाला बुरशीपासून वाचवतं, रुळापासून वाचवत नाही. पंधरा वर्षं न कुजणारा पाइनचा स्लीपर रुळाने सहा वर्षांत चिरडला तर प्रक्रियेचे पैसे पाण्यात. उलट प्लेट कितीही चांगली असली आणि लाकूडच सडलं तर तीही निरुपयोगी. मऊ लाकूड वापरायचं असेल तर औषध आणि प्लेट दोन्ही बरोबर हवीत. म्हणूनच ट्रॅटमन यांच्या अहवालात दोन्ही विषय एकाच जिल्दीत बांधले होते.

प्लेट तोवर आलीच होती, पण कच्ची. १८८० च्या दशकापासून तिचे नमुने बाजारात दिसू लागले, सर्व्हिस, गोल्डी, वोल्हॉप्टर अशा नावांनी. पाव इंचाच्या आसपास जाडीची, लहानशी, हलकी. पोलाद वाचवायचं होतं, म्हणून जाडी आणि रुंदी द्यायला कोणी तयार नव्हतं. मग लाकडावर ती घट्ट राहावी म्हणून खालून दात काढले. काही प्लेटांना तंतूंच्या दिशेने जाणाऱ्या धारदार कडा होत्या, काहींना नखं. गाड्यांच्या वजनाने ते दात लाकडात रुतत आणि प्लेट सरकत नसे.

प्लेटेने एक मोठं काम पहिल्याच दिवसापासून केलं. तिच्या भोकांतून आतला आणि बाहेरचा, दोन्ही खिळे जात. रुळाने बाहेर रेटलं की प्लेट दोन्ही खिळ्यांना एकत्र ओढते, म्हणजे एकाच्या जागी दोघे झुंजतात. पुढे बाहेरच्या कडेला उंच खांदा आला, रूळ थेट त्या खांद्यावर रेलू लागला आणि खिळ्याची मान कापली जाणं कमी झालं. वळणांवर रूळ सावरायला टेकू ठोकावे लागत, तेही बरेच कमी झाले.

पण दातांनी घात केला. नखं तंतू तोडत. कडा तंतूंना तोडत नसल्या तरी पाचरीसारख्या फाकवत. दातांच्या बाजूने पाणी आत उतरे, आणि औषध प्यायलेल्या स्लीपरमध्ये तर ही चूक दुप्पट महाग पडे. औषध सगळीकडे खोलवर मुरत नाही, वरच्या थरातच त्याचं कवच असतं. प्लेटेचा दात ते कवच फोडून आतल्या कोऱ्या लाकडापर्यंत पोचला की बुरशीला दार उघडं. नवी प्लेट लाकडावर पूर्ण टेकेपर्यंत मध्ये फट राहायची, त्या फटीत वाळू आणि पाणी जायचं आणि प्रत्येक चाकागणिक ते लाकूड घासायचं. पातळ प्लेटा मधोमध वाकायच्या, मग भार पुन्हा रुळाच्या तळाएवढ्याच जागेवर.

१९०४ मध्ये त्याच वनखात्याने या विषयावर आणखी एक अहवाल काढला. लेखक हर्मान फॉन श्रेंक, सेंट लुइसचे वनस्पतिरोगतज्ज्ञ. लाकडातली बुरशी हा त्यांचा अभ्यासविषय. बुरशीच्या अभ्यासकाने रूळ-जोडणीवर पुस्तिका लिहावी ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कुजण्याचा माग काढत ते थेट खिळ्याच्या भोकापाशी येऊन पोचले होते. त्यांनी युरोपातली पद्धत अमेरिकन वाचकांसमोर ठेवली. फ्रान्समध्ये बीचसारखं एरवी झटकन कुजणारं लाकूड क्रिओसोट देऊन पंचवीस-तीस वर्षं चालवत. ठोकायच्या खिळ्याऐवजी आट्यांचा स्क्रू, त्याच्यासाठी आधीच पाडलेलं भोक, आणि रुळाखाली दाबलेल्या पॉप्लर लाकडाची पातळ चकती. चकती झिजली की ती बदलायची, स्लीपर तसाच राहतो. झीज कुठे व्हावी हे माणसाने ठरवायचं, हा त्यातला विचार.

अमेरिकेने स्क्रू मोठ्या प्रमाणावर घेतला नाही. मजुरी महाग, अंतरं अफाट आणि घणाने ठोकायचा खिळा सोयीचा. पण बाकीचे धडे हळूहळू उतरले. १८९९ मध्ये मार्ग-अभियंत्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली होती, तिच्या समित्यांनी नमुने तपासून ठरावीक मापं आणली. दात गेले, तळ सपाट झाला. जाडी आणि लांबी वाढली. प्लेटेच्या बैठकीला आतल्या बाजूला कल दिला, अमेरिकेत ४० ला १. चाकाचा पृष्ठभाग तिरका असतो, रूळही थोडा आत झुकला की भार त्याच्या मध्यातून खाली जातो आणि बाहेरच्या धारेवरचा ताण उतरतो. पूर्वी हा कल प्रत्येक स्लीपरवर वाकसाने तासून द्यावा लागे, आता तो कारखान्यातच प्लेटेत येऊ लागला. तासणं आणि भोकं पाडणंही प्रक्रियेच्या आधी कारखान्यात होऊ लागलं. भोकाच्या भिंतींनाही औषध मिळू लागलं, आणि मार्गावर ताजं लाकूड उघडं पडणं थांबलं. पुढे प्लेटेला स्लीपरशी पक्की करणारे वेगळे खिळे आले, रुळाच्या खिळ्यांशी संबंध नसलेले, म्हणजे चाकापुढे रूळ किंचित उचलला गेला तरी प्लेट जागची हलू नये.

आकाराचा परिणाम किती होतो ते एका हिशेबात दिसतं. आजच्या जड अमेरिकन रुळाचा तळ ६ इंच रुंद, स्लीपर ९ इंच रुंद, म्हणजे नुसता रूळ ठेवला तर ५४ चौरस इंच जागा. पावणेआठ गुणिले चौदा इंचांची प्लेट घातली की १०८. मालगाडीच्या एका चाकाचा भार ३६,००० पौंड धरला आणि त्यातला निम्मा एका स्लीपरवर आला, तर दाब चौरस इंचाला ३३३ पौंडांवरून १६६ वर येतो. मऊ, ओल्या लाकडाची आडव्या दाबाची सोसण्याची मर्यादा पहिल्या आकड्याच्या आसपास आहे. म्हणजे प्लेटेशिवाय पाइन-हेमलॉक रोज मर्यादेवर उभे, प्लेटेसह निम्म्यावर. सात वर्षांचा स्लीपर तीस वर्षांवर गेला तो औषध आणि ही रुंदी यांच्यामुळे. त्यातून किती ओक उभे राहिले हे ज्याचं त्याने मोजावं. पण दर सात वर्षांनी लागणारं झाड तीस वर्षांनी लागू लागणं ही वनखात्याच्या कुठल्याही लागवडीइतकी मोठी गोष्ट आहे, असं मी नक्की म्हणेन.

भारतात प्रश्न तोच, वाट वेगळी. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती ब्रिटिश परंपरेतली. त्या परंपरेत चेअर असायची, त्यामुळे भार पसरण्याची सोय मुळातच होती. इथे मोठे शत्रू होते पावसाळा आणि वाळवी. त्यांना तोंड द्यायला ग्रीव्हज यांचे भांड्यासारखे ओतीव लोखंडी स्लीपर आले. तरीही लाकूड लागतच राहिलं, आणि रेल्वेच्या त्या भुकेमुळेच १८६४ मध्ये डिट्रिख ब्रँडिस यांच्या हाताखाली भारताचं वनखातं सुरू झालं. साल आणि साग कठीण, पण हिमालयातून नद्यांत सोडून आणलेला देवदार मऊ. सपाट तळाचे रूळ सर्रास झाल्यावर मऊ लाकडावर, सांध्यांखाली, पुलांवर आणि तीव्र वळणांवर बेअरिंग प्लेट देणं हा नियमच झाला, कल मात्र आपल्याकडे २० ला १. ओतीव लोखंडाच्या प्लेटेच्या एका प्रकारात रूळ चावीने आवळलेला असे, आणि गँगमधला चावीवाला रोज आपला पट्टा पायी चालत सैल झालेल्या चाव्या हातोड्याने बसवत जाई. काँक्रीटचे स्लीपर आले तसं लाकूड मुख्य मार्गांवरून गेलं आणि ही प्लेटही त्याच्याबरोबर गेली. घाटातल्या पावसात चावीवाल्याचं ते रोजचं चालणं ज्यांनी वर्षानुवर्षं केलं, त्यांच्यामुळे गाड्या रुळावर राहिल्या. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना फारशी जागा मिळालेली नाही, ती मिळायला हवी.

अमेरिकेत मात्र बहुतांश स्लीपर आजही लाकडाचेच आहेत, आणि प्लेटेची सुधारणा चालूच आहे. १९५० च्या दशकात नॉर्वेच्या पेर पांडे-रॉल्फसेन यांनी रुळाला दाबून धरणारी स्प्रिंगची क्लिप काढली, त्यांच्याच नावावरून ती पँड्रोल झाली. ही क्लिप अडकवायला प्लेटेवरच कान हवेत, म्हणून तीव्र वळणांवर आणि घाटांत अठरा इंच लांबीच्या, कानवाल्या प्लेटा आल्या. रूळ प्लेटेला घट्ट झाला, कलंडणं थांबलं. पण एक नवं दुखणं निघालं. जुन्या पद्धतीत रूळ प्लेटेवर थोडा सुटा असे. तो उचलला गेला तरी प्लेट लाकडावर राही, आणि रेट्याचा काही भाग प्लेट आणि लाकूड यांच्यातलं घर्षण घेई. आता रूळ उचलला की प्लेटही त्याच्याबरोबर उचलली जाते, घर्षण नाहीसं होतं आणि सगळा रेटा खिळ्यांवर येतो. खिळे लाकडाच्या पृष्ठभागाखाली दीड इंचाच्या आसपास थकून तुटतात. डोकं जागेवरच दिसतं, तुटलेला भाग आत दडलेला असतो, आणि त्यातून गाड्या घसरल्या आहेत. इलिनॉय विद्यापीठातले संशोधक गेली काही वर्षं याच्या मागे आहेत. प्लेट लाकडावर सतत दाबून ठेवणारे, स्प्रिंगच्या वॉशरचे स्क्रू हा त्यावरचा एक उपाय. तोवर तुटलेला खिळा शोधायला मार्गावरच्या माणसाला प्रत्येक खिळा हाताने हलवून किंवा ठोकून पाहावा लागतो.